पद्मिनीचा अल्टरनेटर कण्हतोय, चार्जिंगही कमी

जुनी पद्मिनी
प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. आधीच्या मालकाने डायनॅमो काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बसवलाय, रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) आतच. रेस दिली की घूंऽऽ आवाज चढतो, हेडलाइट लावले की आणखी. बॅटरीवर १२.९ व्होल्ट, रेस देऊन १३.१, लाइट लावले की १२.३. चार्जिंगचा दिवा रात्री मंद पेटलेला दिसतो. बेल्ट नवा आहे. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलं. खोलू का?

घासलेला कार्बन
थांबा. लाइट लावल्यावर आवाज चढतो म्हणजे संशय अल्टरनेटरच्या डायोडवर (एसीचा डीसी करणारे, करंट एकाच दिशेने सोडणारे भाग), बेअरिंगवर नंतर. इंजिन बंद करून अल्टरनेटरमागची, दिव्याकडे जाणारी बारीक वायर काढा, टोकाला टेप लावा. पुन्हा चालू करून आयडललाच ऐका. आवाज गेला तर दोष विजेचा. राहिला तर बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवा. खरखर किंवा हालचाल लागली तर बेअरिंग. बेल्टशिवाय इंजिन फार चालवू नका, वॉटरपंप त्याच बेल्टवर आहे.

बाकी बेल्ट नवा असून भागत नाही, ताणही बघा. अंगठ्याने दाबून १०-१२ मिमी दबला पाहिजे. नवा म्हणून करकचून ताणतात आणि बेअरिंगची वाट लावतात.

अर्थिंग आधी
खोलायच्या आधी वायरिंग मोजा. डायनॅमोच्या वेळची वायर तशीच असेल तर व्होल्ट वाटेतच गळतात, आणि त्यानेही दिवा मंद पेटतो. हेडलाइट चालू, रेस थोडी चढवलेली. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर: ०.३ च्या वर आलं तर दोष वायरचा किंवा लगचा (वायरच्या टोकाचा जोड). मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस: ०.२ च्या वर असेल तर अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, पट्टी गंजली की अर्थ मिळत नाही.

शेवटी मीटर एसीवर करून बॅटरीवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड. स्वस्तातले काही मीटर एसीवर डीसीही दाखवतात, म्हणून इंजिन बंद असताना शून्य येतंय ना ते आधी बघा. आणि चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून 'चेक' करणाऱ्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका, रेग्युलेटर उडतो.

जुनी पद्मिनी
वायर ०.१, अर्थ ०.०५, एसी १.२ (इंजिन बंद असताना शून्य). बारीक वायर काढली की आवाज बंद.

घासलेला कार्बन
डायोडच. आधी बॅटरीचा मायनस काढा, जाड बोल्ट कायम लाइव्ह असतो. स्टेटरच्या (स्थिर वाइंडिंगच्या) तारा डायोडच्या प्लेटपासून डिसोल्डर करूनच डायोड तपासा, नाहीतर मापं फसवतात. चांगला डायोड एका दिशेने ०.५-०.६ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्याजवळ असेल तर शॉर्ट: करंट स्टेटरमध्येच फिरत राहतो, म्हणून घुमणं, तापणं आणि कमी चार्जिंग एकदम येतं. एकेक डायोड बदलत बसू नका, अख्खी प्लेट टाका. वाइंडिंग काळं पडलं असेल तर ते आधी, नाहीतर नवी प्लेटही जाईल. कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) ५ मिमीच्या खाली असतील तर बदला. उघडलंच आहे तर दोन्ही बेअरिंगही टाका, जुन्यावरचा नंबर वाचून.

अर्थिंग आधी
बसवण्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर भरून घ्या. उतरलेल्या बॅटरीवर नवी प्लेट पहिल्याच दिवशी तापते. लाइट लावून, रेस देऊन १३.८ ते १४.४ आलं पाहिजे.