गो ९२.५ चं रेडिओ वन झालं: शहाणपण की घात?

डाऊन फास्ट
काल माळा साफ करताना जुना ट्रान्झिस्टर सापडला. काट्याच्या पट्टीवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. तिथे काटा आणला की गो ९२.५ हे एफएम स्टेशन लागायचं. २००२ साली मुंबईत खासगी एफएम आली तेव्हा रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी हिंदी गाण्यांवर उभी राहिली, तर गो इंग्रजीवर. मधेमधे ट्रॅफिक, पाऊस, कुठली लोकल रखडली ते. २००६ मध्ये नाव रेडिओ वन, काट्यावरची जागा ९४.३ आणि गाणी हिंदी. पुढे काही वर्षांनी परत इंग्रजी! माझं म्हणणं, स्टेशनला स्वभाव असतो. तो दर चार वर्षांनी बदलला की श्रोता कायमचा उठून जातो.

खाडीपलीकडचा
स्वभावावर लायसन्स फी भरता येत नाही, दादा. खासगी एफएमच्या पहिल्या लिलावात मुंबईची फी वर्षाला १० कोटींच्या घरात गेली होती, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. विन ९४.६ हे स्टेशन त्यातच बंद पडलं ना? इंग्रजी गाणी ऐकणारे किती, नि त्यांच्या जिवावर जाहिराती किती मिळणार?

डाऊन फास्ट
ती फी २००५ च्या धोरणात गेली की. एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के. म्हणजे गळ्याचा फास सैल झाला, आणि यांनी नेमका तेव्हाच स्वभाव सोडला. याला काय म्हणाल?

खाडीपलीकडचा
फास सगळ्यांचाच सैल झाला, म्हणून तर दुकानं वाढली. बिग एफएम आलं, फीव्हर एफएम आलं. सातआठ जण एकाच जाहिरातदाराच्या दारात उभे. अशा वेळी हिंदीकडे न वळणारा मूर्ख ठरला असता.

चाळकरीण
तुम्ही दोघं इंग्रजी की हिंदी यावर भांडताय. या शहरात मराठी बोलणारेही राहतात, हे कुणाच्या लक्षात आहे का? आमच्याकडे सकाळपासून आकाशवाणीचं मुंबई 'ब' चालू असायचं, तेच पुढे अस्मिता झालं. वनिता मंडळ, गंमत जंमत, पुन्हा प्रपंच हे कार्यक्रम. प्रपंचातले टेकाडे भावजी आले की सासूबाईंची पोळी तव्यावर करपायची. कुणा खासगी स्टेशनने मराठी कुटुंबाला असं बसवून ठेवलंय?

रात्रपाळी
ताई, मान्य. पण आकाशवाणीचा हट्टही आठवा. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार. लोकांनी काय केलं? काटा रेडिओ सिलोनवर नेला. तिथले निवेदक अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज परत आपल्याच घरात. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. तेव्हा स्वभाव बदलला नसता तर आकाशवाणी ऐकायला कोण उरलं असतं?

डाऊन फास्ट
इथे फरक आहे, रात्रपाळी. विविध भारतीसाठी मुंबई 'ब'चा गळा नाही दाबला. शेजारी एक नवीन वाहिनी बसवली, जुनी होती तिथेच राहिली. गोच्या बाबतीत त्याच खोलीत भाडेकरू बदलला.

खाडीपलीकडचा
सरकारकडे दुसरी खोली होती! खासगीवाल्याला तेव्हा एका शहरात एकच फ्रिक्वेन्सी मिळायची. शिवाय स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. गाणी सोडून वेगळेपण आणायचं कशातून?

रात्रपाळी
बोलण्यातून आणता येतं की. २६ जुलै २००५ ला मी अंधेरीत अडकलो होतो, मोबाईल बंद. एका टपरीवाल्याने रेडिओ मोठ्याने लावलेला. लोक फोन करून सांगत होते, अमुक रस्त्यावर पाणी, तमुक पूल चालू. पन्नास माणसं ओल्या कपड्यांत ऐकत उभी. स्टेशन कोणतं हे कुणी विचारलंही नाही. गाणी कुठल्या भाषेतली याने काय फरक पडत होता?

चाळकरीण
तसा पाऊस रोज पडत नाही हो. रोज सकाळी काय ऐकायचं, प्रश्न तो आहे.

खाडीपलीकडचा
डाऊन फास्ट, त्या ठिपक्यावर आता काय लागतं ते सांगा आधी.

डाऊन फास्ट
सेल घालून पाहिलं. खरखर, आणि जरासं पुढे सरकवलं की बिग. आईला दाखवलं तर म्हणाली, ठिपका पुसून टाक, नाहीतर मी तिथेच शोधत बसेन.