ब्रूस ली (१९८४) हा गेम कमोडोर ६४ (सी६४) या जुन्या कॉम्प्युटरवर: लाथ बसत नाही, आणि खऱ्या मशीनला पॉवर कुठली द्यायची?

रंकाळा_८बिट:
डेटासॉफ्ट कंपनीचा ब्रूस ली लॅपटॉपवर व्हाइसमध्ये (सी६४ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालवतोय. लॅपटॉपला नमपॅड (आकड्यांची वेगळी बटणं) नाही, म्हणून जॉयस्टिकऐवजी बाण आणि फायरला स्पेस लावलेत. पळताना फायर दाबला की कधी उडती लाथ, कधी नुसता ठोसा, आणि वर-उजवीकडं उडी घेताना फायर लागतच नाही. दुसरं म्हणजे जर्मनीतून आलेला जुना सी६४ घरात आहे, पण त्याचा अ‍ॅडॉप्टर गायब. ९ व्होल्टचा राउटरचा अ‍ॅडॉप्टर कापून जोडला तर चालेल का?

शाहूपुरी_जॉयस्टिक:
आधी खेळातलं सांगतो. उडती लाथ जमिनीवरूनच निघते. दिशा दाबून धरायची, गडी पळायला लागला की फायर. थांबून फायर दाबला तर ठोसा. म्हणजे लाथेऐवजी ठोसा पडतोय तिथं तुमचा बाण क्षणभर सुटतोय. लाथेसाठी वरचा बाण लागत नाही, तो उडीला आणि चढायला.

तीन बटणं एकदम दाबल्यावर तिसरं गिळलं जातं तो दोष कीबोर्डचा. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत बसवलेली असतात. एका चौकोनाचे तीन कोपरे दाबले गेले की चौथा खरा दाबला की भासतोय हे चिपला कळत नाही, म्हणून ती तिसरं बटण सोडून देते. वर, उजवा आणि स्पेस हे त्रिकूट बऱ्याच लॅपटॉपांवर नेमकं यात सापडतं. कंट्रोल आणि शिफ्टच्या तारा सहसा वेगळ्या असतात, म्हणून फायर डाव्या कंट्रोलवर घ्या. व्हाइसमध्ये कीसेट (जॉयस्टिकऐवजी वापरायची बटणं) भरल्यावर 'कीसेट जॉयस्टिक चालू' ही खूण करायला विसरू नका, नाहीतर सगळं बरोबर भरूनही गडी ढिम्म हलत नाही. तरी हलला नाही तर पोर्ट १ आणि २ ची अदलाबदल करून बघा.

खेळ अमेरिकन आहे, मूळ अटारी ८-बिटवरचा, रॉन फोर्टियरचा. व्हाइस बहुधा पाल या टीव्ही पद्धतीवर, म्हणजे ५० हर्ट्झवर सुरू होतं. एनटीएससी (अमेरिकन टीव्ही पद्धत) मॉडेल निवडून ६० हर्ट्झवर खेळून बघा, हाताला फरक कळतो.

उद्यमनगर_सोल्डर:
भावा, राउटरचा अ‍ॅडॉप्टर अजिबात लावू नका! सी६४ला दोन पुरवठे लागतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. राउटरचा देतो डीसी. जुन्या बोर्डात त्या ९ व्होल्ट एसीतूनच १२ व्होल्ट तयार होतात, ते आवाजाच्या सिड चिपला आणि चित्राच्या व्हिक चिपला जातात. ते नसतील तर पडदा काळाच राहणार.

कुणी सी६४चा जुना काळा ठोकळा (मूळ अ‍ॅडॉप्टर) देऊ केला तरी आंधळेपणानं लावू नका. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर रेझिनमध्ये गाडलेला असतो, तापून तापून मरतो, आणि मरताना व्होल्टेज वर जातं. पहिल्या मरतात रॅम चिपा. मशीनला जोडण्याआधी ७ पिनांच्या डिन (गोल) प्लगवर मल्टीमीटर लावा: २ नंबर ग्राउंड, ५ नंबर +५ व्होल्ट, ६ आणि ७ मध्ये ९ व्होल्ट एसी. ५.२ च्या वर दिसलं तर ठोकळा भंगारात.

नवीन बनवणं सोपं आहे. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) घ्या, आणि २३० ते ९ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरातल्या रिवायंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्या. ९ च्या लाइनला १ अँपिअरचा फ्यूज पाहिजेच. सगळं डब्यात बंद, २३०ची उघडी तार बाहेर नको.

मशीन जर्मनीचं, म्हणजे पाल. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर रंग नीट येतील.

रंकाळा_८बिट:
फायर कंट्रोलवर घेतला, लाथ बसायला लागली. पण निन्जा आणि यामो हे दोन्ही शत्रू एकदम आले की मार खातोय. कंदील सगळे उचलले तरी एके ठिकाणी वाट उघडत नाही. आणि खऱ्या मशीनवर एसडी कार्डवरून चालेल का?

शाहूपुरी_जॉयस्टिक:
यामो म्हणजे खासबागेतल्या कुस्ती मैदानातला वजनदार गडी, त्याच्याशी समोरासमोर भिडायचंच नाही. दोघांच्या मध्ये उभं राहा, जवळ आले की खालचा बाण दाबून आडवं व्हा. निन्जाची काठी आणि यामोचा ठोसा एकमेकांनाही लागतो. मेले तरी परत येतात, तेव्हा त्यांच्यामागं पळत बसू नका, कंदील आधी. वाटेचं म्हणाल तर काही दारं एका खोलीतल्या कंदिलांनी उघडत नाहीत, शेजारच्या खोलीतलेही उचलावे लागतात. एकूण खोल्या २० आहेत.

भाऊ किंवा मित्र असेल तर दोन खेळाडूंत दुसऱ्याला यामो द्या. लई मजा येते. तो नुसता बसून राहिला तर थोड्या वेळानं यामो परत कॉम्प्युटर चालवतो.

उद्यमनगर_सोल्डर:
एसडी२आयईसी (एसडी कार्ड सी६४ला जोडणारं यंत्र) चालतं, पण ते १५४१ या सी६४च्या फ्लॉपी ड्राइव्हची पूर्ण नक्कल करत नाही. स्वतःचा फास्ट लोडर (झटपट लोड करणारा प्रोग्राम) किंवा कॉपी प्रोटेक्शन असलेली डिस्क त्यावर अडकते. एकाच पीआरजी (प्रोग्राम) फाइलची आवृत्ती वापरा, नाहीतर १५४१ची पूर्ण नक्कल करणारं पाय१५४१ घ्या. डी६४ फाइल (डिस्कची प्रत) १,७४,८४८ बाइटची आहे का तेही बघा. कमी भरली तर डाउनलोड अर्धवट आहे.