पुरळ दिसले म्हणून पोटाची तपासणी थांबू नये

एक मत असे मांडले जाते की, आयजीए व्हॅस्क्युलायटिस (लहान रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार) होऊन पायांवर जांभळे पुरळ आलेल्या मुलाचे पोट दुखू लागले तर ते दुखणे त्या आजाराचेच समजून स्टिरॉइड सुरू करावे, सोनोग्राफीची घाई नको. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे निभावून जाते. उरलेल्यांसाठी थोडी भर घालतो.

आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे पूर्वीच्या हेनॉक-शोनलाइन परप्युरामध्ये, आतड्याच्या भिंतीत सूज येते व रक्त साचते, आणि असा जाड झालेला भाग पुढच्या आतड्यात ओढला गेला की इंटससेप्शन होते. एरवी तान्ह्या मुलांत लहान आतडे बहुधा मोठ्या आतड्यात शिरते; या आजारात मात्र ते पुष्कळदा लहान आतड्यातच शिरते, त्यामुळे गुदद्वारावाटे बेरियम सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते निसटू शकते. म्हणून पहिली तपासणी सोनोग्राफीचीच, आणि दुखण्याची तऱ्हा बदलली, हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त पडले किंवा पोट फुगले तर ती पुन्हा करावी. सकाळचा चांगला अहवाल संध्याकाळी लागू पडेलच असे नाही.

स्टिरॉइडने पोटदुखी लवकर शमू शकते हे खरे, परंतु आतड्याला छिद्र पडल्याची लक्षणेही त्यानेच झाकली जातात. याउलट काही मुलांत पोटदुखी पुरळाच्या आधीच सुरू होते आणि अपेंडिक्स समजून पोट उघडले जाते. अशा मुलाचे नितंब व पाय नीट उघडे करून पाहणे, घोटे-गुडघे तपासणे आणि लघवीत रक्त आहे का ते पाहणे, याला फारसा वेळ लागत नाही.