मदत हवी आहे: बँडचे पैसे वाटायचे कसे?

क्लबमध्ये वाजवणाऱ्यांना विचारतोय. स्टेजवर आम्ही जेमतेम दोन तास, पण सामानाची चढ-उतार, साउंडचेक आणि मधलं ताटकळणं धरलं तर अख्खा दिवस जातो. मिळेल ते पाच जणांत सारखं वाटतो. आता ड्रमर म्हणतो, गाडी माझी, डिझेल माझं, मला जास्त हवं. मिक्सर-स्पीकर गायिकेचे, तिचंही तेच. (खरं तर दोघांचंही चूक नाही.) त्यात बेसवाल्याने आयत्या वेळी टांग दिली की बदली माणसाला ठरलेले पैसे रोख मोजायचे, तिकिटविक्रीतल्या वाट्यावर वाजवत असू, तर त्या रात्री बाकीच्यांच्या हाती नावापुरतंच उरतं. तुम्ही गाडी आणि साउंडचा वेगळा हिस्सा काढता का? किती? आणि क्लबकडून किमान रक्कम आधी लेखी कशी घेता?