देवळाच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, देणाऱ्याचं नाव पाहिजे की नको? देणारा नेमका कशासाठी देतो?

खारं पाणी :
आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. दिवाळीनंतर कापूस विकून लोकांच्या हाती पैसा खुळखुळत होता, तेव्हा मारुतीच्या देवळाला भांडी घ्यायची म्हणून वर्गणी काढली. दोन मोठे गंज, पराती, झारे, बादल्या. भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरायचं, आणि रोज हरिपाठाआधी भोंग्यावरून नाव अन् आकडा सांगायचा. एकाचे पाचशे एक ऐकू आले की शेजारचा दुसऱ्या दिवशी सातशे एक घेऊन हजर. आठवड्यात काम फत्ते.

उन्हाळ्यात त्याच गावात शाळेच्या पाण्याच्या फिल्टरसाठी वही फिरवली. कमिटीतल्या दोघांना वाटलं, या खेपेला नावं नकोत, दान गुप्त असावं. महिना उलटला, वही अर्धीही भरली नाही. पोरं अजून घरूनच बाटली आणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस नावासाठी देतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. शाळेच्या भिंतीवर नावं रंगवा, फिल्टर बसवा, मोकळे व्हा.

निवृत्त गुरुजी :
वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. तुमच्याच जिल्ह्यात, शेंडगावला, १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. घरातली भांडी मोडा पण लेकरं शिकवा, असं ते जन्मभर कीर्तनातून सांगत फिरले. तुम्ही भांडी घेतली आणि शाळा तहानलेली ठेवली! पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या लोकांच्याच पैशातून. स्वतःपाशी गाडगं आणि खराटा. लोकांनी दिलं ते त्या माणसाकडे बघून. दानाचा लिलाव मांडला की गावाला तीच सवय लागते. उद्या भोंगा बंद पडला तर कोणी खिशात हात घालणार नाही.

खारं पाणी :
गुरुजी, मान्य. पण बाबा आधी अख्खं गाव झाडायचे, मग मागायचे. आमच्या कमिटीत खराटा धरणारा एक दाखवा, मी भोंगा स्वतः उतरवतो.

हिशोबनीस :
एक मुद्दा सुटतोय. शहरात देणगीची पावती मागतात ती बऱ्याचदा आयकर वाचवण्यासाठी. करसवलत मिळते म्हणून मार्च महिन्यात एकदम दया उफाळून येते. त्यातही दोन हजारांवरची रक्कम रोखीत दिली तर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर पावतीचा उपयोगच नाही. शेतीच्या उत्पन्नावर तर आयकरच नाही. म्हणजे शेतकऱ्याचे पाचशे एक हे पुरते पाचशे एक, सरकार त्यातलं काही परत करत नाही. तरी तो देतो. त्याला निदान झाऱ्यावर नाव तरी मिळू द्या की.

वेचणीवाली :
कोणाचं नाव, ते तर सांगा. आमच्या देवळातल्या परातीवर माह्या सासऱ्याचं नाव हाय. पैसे माह्या वेचणीचे. दिवसभर कंबर वाकवून कापूस वेचला, बोटं बोंडानं फाटली, त्यातून बाजूला ठेवलेले. मी स्वतःच म्हटलं, मामंजीचं नाव टाका. घरात सण असला का ते परात पालथी करून पाहुण्याले नाव दाखवतात. मले राग नाई येत. पण इथं सगळे बाप्ये मिळून "माणूस नावासाठी देते" म्हणून राह्यले, तर ईचारते, मी कशासाठी देलं?

खारं पाणी :
ताई, याला माझ्यापाशी उत्तर नाही.

वर्धेकाठी :
उत्तर नसलं तरी आमच्याकडची गोष्ट ऐका. विनोबा पवनारच्या आश्रमात राहायचे. १९५१ साली इकडून पायी तेलंगणात गेले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली. भूदान तिथून सुरू झालं. विनोबा मागायचे कसं, तर "मला घरातला एक मुलगा समजा आणि माझा हिस्सा द्या". सहावा हिस्सा. म्हणजे भीक नव्हे, वाटणी. देणारा दाता न होता बाप झाला! माझ्या मते देण्यामागचं खरं कारण इथे आहे. समोरचा आपला वाटला की हात सुटतो, पाटीची गरज लागत नाही.

हिशोबनीस :
आणि त्या बापांनी लेकाला कोणती जमीन काढून दिली? बरीचशी खडकाळ, पडीक, नाहीतर कोर्टात अडकलेली. कितीतरी जमीन तर वाटलीच गेली नाही. सभेत सगळ्यांसमोर हात वर केला, सातबारा बघायला नंतर कोण येतंय.

वर्धेकाठी :
बरीचशी म्हणजे सगळी नव्हे. चांगली काळी जमीन देणारेही होते, त्यांना त्याच पोत्यात भरू नका.

पुसदकर :
आपला वाटण्यावरून आठवलं. २००७ मध्ये अमेरिकेत स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा एक प्रयोग छापून आला. लोकांच्या हाती पाच डॉलर होते. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दाखवली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकड्यांसाठी १.१४. दोन्ही एकत्र दाखवलं तर १.४३, म्हणजे आकडे जोडले की मुलीचाही वाटा घटला! आमच्या गावातही तेच. पोराच्या ऑपरेशनचा निरोप व्हॉट्सॲपवर पडला की रात्रीतून पैसे जमतात, आणि शाळेची भिंत चार पावसाळे तशीच. खारं पाणी, तुमच्या वहीत फिल्टरची किंमत आणि लिटर लिहिले असणार. बाटली घेऊन चालत जाणारी एक पोरगी लिहिली होती का?

बिननावाचा :
त्या पोरीला विचारा आधी. मी आठवीत असताना बाप गेला. कर्ज होतं, बाकी काय झालं ते विदर्भात सांगावं लागत नाही. पंधरा दिवसांनी एक जीपगाडी आली. आईला शिलाई मशीन, मला दप्तर. फोटोसाठी आईला पदर सारखा करायला लावला, मग म्हणाले, "थोडं इकडे बघा." मशीन खरंच कामी आलं, त्यावरच माझं शिक्षण झालं, हे कबूल. पण तो फोटो अंगावर येतो अजून. त्याच आठवड्यात कोणीतरी रात्री आमच्या ओट्यावर तुरीचं पोतं ठेवून गेलं. आई मरेपर्यंत गावातल्या प्रत्येकाशी तेच असेल म्हणून नीट बोलायची.

निवृत्त गुरुजी :
(दोनदा वाचलं. लिहायला काही सुचत नाही.)

वेचणीवाली :
पोतं ठेवणाऱ्याले माईत असन ना पण. त्याले तेवढं पुरते.

खारं पाणी :
काल पुन्हा वही घेऊन निघालो. या खेपेला दोन पानं केली, एक नाववाल्यांचं, एक बिननावाचं. नाववाल्या पानावर सोळा, बिननावाच्या पानावर तिघं. मात्र त्या तिघांतल्या एकानं माझा हात धरून बजावलं, "कोनाले सांगू नको, पन सरपंचाले समजलं पाह्यजे."

पुसदकर :
😄 हा खरा गुप्तदानी!

वेचणीवाली :
मोठा गंज सध्या कोणाकडे हाय? परवा आमच्याकडे तेरवी हाय.