उ: जुन्या तबकड्या आणि सीसीचं लेबल

वर कुणीतरी म्हटलंय की जुन्या गाण्याची तबकडी मी विकत घेतली, खरखर मी काढली, मग नेटवर टाकताना सीसी-बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं 'नाव द्या आणि वापरा' लायसन्स) लावलं तर बिघडलं कुठे? अहो, लायसन्स देतो तो हक्काचा मालक, आणि इथे मालकच उरला नसेल तर तुम्ही कशाची परवानगी देताय? तिथे पब्लिक डोमेन मार्क, म्हणजे 'यावर आता कुणाचा कॉपीराइट नाही' ही खूण लावायची.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९३० च्या दशकातल्या तबकड्या कधीच मोकळ्या झाल्या. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'स्वयंवर'मधली बालगंधर्वांची जुनी तबकडी घ्या, नाटककार खाडिलकर १९४८ ला गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ ला, सगळंच मोकळं. तेच १९५५ ची गदिमांच्या गाण्याची तबकडी असेल तर मुद्रण मोकळं पण शब्द २०३७ संपेपर्यंत नाहीत, हे सीसीच्या लेबलवर कुणी लिहितच नाही राव.

आणि सर्व्हर अमेरिकेत असला की अजून वेगळी भानगड, तिकडे १९२३ ते १९४६ च्या मुद्रणांना १०० वर्षं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३५ च्या आसपासच्या तबकड्या इथे मोकळ्या, तिथे अजून बंद!

म्हणून मुद्रणाचं खरं साल कळायला हवं. अपलोड करताना निदान तबकडीवरच्या कागदी लेबलचा फोटो आणि त्याभोवतीच्या रिकाम्या पट्टीवर कोरलेला नंबर टाका. नुसतं एलपीवरचं (नंतरच्या मोठ्या तबकडीवरचं) साल बघू नका, ते बरेचदा पुनर्मुद्रणाचं असतं.