स्पेनच्या यादवी युद्धातल्या युद्धनौका काढतोय, पण फोटो एकमेकांशी जुळत नाहीत

झिरोमाइलची_शाई
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, बर्डीकडे राहतो, शाईने जहाजं काढायचा नाद आहे. सध्या स्पेनच्या यादवी युद्धातल्या, म्हणजे १९३६ ते १९३९ मधल्या युद्धनौका हातात घेतल्या आहेत. बाजूने दिसतं तसं साधं रेखाचित्र, रिपब्लिकन (म्हणजे सरकारच्या बाजूचे) आणि बंडखोर सेनापती फ्रँको अशा दोन्ही पक्षांच्या नौका, सगळ्या एकाच स्केलला, म्हणजे शेजारी शेजारी लावल्या की कोण केवढी ते कळावं. पण फोटो गोळा करून राहिलो तर डोकं चक्रावतं. कॅनारियास या क्रूझरला एका फोटोत एकच अगडबंब धुराडं आहे, दुसऱ्यात चक्क दोन. बालेआरेस तिची जुळी बहीण, पण एका फोटोत तिचा सगळ्यात मागचा टरेटच, म्हणजे तोफांचा फिरता बुरूजच, गायब. आणि एस्पान्या ही बॅटलशिप शोधावी तर एका ठिकाणी ती १९२३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या मेलियाजवळ खडकावर चढून संपली असं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी १९३७ मध्ये सांतांदेरसमोर बुडाली असं. कोणता फोटो खरा धरायचा? आणि कागद केवढा घ्यावा तेही सांगून द्या, एकदा स्केल ठरलं की मग बदलता येत नाही.

पेठेतली_ड्रॉइंगशीट
भाऊ, सगळेच फोटो खरे आहेत, तारखा वेगळ्या आहेत. युद्धनौकेचं चित्र हे नुसत्या नौकेचं नसतं, त्या नौकेच्या एका ठरावीक महिन्याचं असतं, म्हणून पेन्सिल उचलायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष लिहून टाका आणि मग त्या महिन्याबाहेरचा फोटो कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवा. यादवी युद्धाच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे, कारण अर्धवट बांधलेल्या नौका घाईघाईत लढाईत उतरवल्या होत्या.

कॅनारियासचंच घ्या. सर फिलिप वॉट्स या इंग्रज डिझायनरने ब्रिटिशांच्या केंट क्लासवरून, म्हणजे एकाच नमुन्याच्या क्रूझरांवरून, आराखडा केला, फक्त ब्रिटिशांच्या तीन धुराड्यांऐवजी इथे सगळ्या बॉयलरचा धूर एकाच रुंद धुराड्यात आणला. युद्धभर ती तशीच होती. दोन धुराडी १९५२-५३ च्या दुरुस्तीत आली आणि नौका १९७५ पर्यंत सेवेत राहिली, म्हणून नेटवर दोन धुराड्यांचे फोटो भरपूर सापडतात. तुम्हाला ते चालणारच नाहीत. बालेआरेस डिसेंबर १९३६ मध्ये सेवेत आली तेव्हा मागचा टरेट खरोखरच बसवलेला नव्हता, तो १९३७ मध्ये बसला, आणि ६ मार्च १९३८ च्या पहाटे केप पालोसच्या लढाईत टॉर्पेडो लागून ती बुडाली. म्हणजे चारही टरेट असलेली बालेआरेस जेमतेम काही महिन्यांची आहे. मला विचाराल तर मी बिनटरेटचीच काढेन, त्या मोकळ्या जागेतच त्या युद्धाची सगळी घाई दिसते.

एस्पान्याचा घोळ नावाचा आहे. पहिली एस्पान्या १९२३ मध्ये गेली. तिची बहीण अल्फोन्सो तेरावा, १९३१ मध्ये राजा देश सोडून गेल्यावर तिचं नाव बदलून एस्पान्या ठेवलं, आणि ३० एप्रिल १९३७ ला बुडाली ती ही. स्वतःच्याच पक्षाने पेरलेल्या सुरुंगावर. तिसरी बहीण हाइमे पहिला रिपब्लिकनांकडे होती, ती १७ जून १९३७ ला कार्ताहेना बंदरात आतल्या स्फोटाने गेली. राजघराण्याची नावं तेव्हा धडाधड बदलली, प्रिन्सिपे अल्फोन्सो नावाची क्रूझर लिबेर्ताद झाली. तेव्हा फोटोखालच्या नावाआधी तारीख बघत जा.

कूलरसमोर_बसलेला
कागदाचं मी सांगतो. कॅनारियास १९४ मीटर. एकास सातशे स्केलला ती साधारण २७.७ सेंटीमीटर होते, म्हणजे ए-फोर आडवा धरला तर कशीबशी बसते, कडेला श्वास घ्यायला जागा नाही. एकास साडेतीनशे धरा, ५५ सेंटीमीटर, ए-टू वर आरामात. एस्पान्या १४० मीटरची, ती त्याच स्केलला बरोबर ४० सेंटीमीटर. पण सगळी मालिका एकाच आकाराच्या कागदावर काढा, छोटी विनाशिका (डेस्ट्रॉयर) मोठ्या कागदावर एकटी दिसली तरच ती किती छोटी ते कळतं.

आणि नागपुरात एक गोष्ट विसरू नका, एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असताना ट्रेसिंग पेपरवर काम करू नका जी. कूलरच्या दमट हवेने ट्रेसिंग फुगतो, लाटा येतात, सकाळी मोजलेलं माप संध्याकाळी जुळत नाही आणि लांब डेकची रेघ तर हमखास वाकडी होते. पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म घ्या, ती हलत नाही. महाग आहे पण एक शीट पुरते. शाई मात्र फिल्मला चालणारी बघून घ्या, साधी शाई थेंब धरून बसते.

झिरोमाइलची_शाई
दोघांचेही मनापासून आभार, महिना लिहायची गोष्ट एकदम पटली. एस्पान्या एप्रिल १९३७, बालेआरेस जानेवारी १९३७, असं ठरवून टाकलं. अजून दोन शंका. एस्पान्याच्या बाजूचे टरेट डाव्या आणि उजव्या फोटोत वेगवेगळ्या जागी काहून दिसतात? आणि सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात झेंड्यावरून नौका कोणत्या पक्षाची ते ओळखायचं कसं?

पेठेतली_ड्रॉइंगशीट
टरेट समोरासमोर नाहीतच ना. एस्पान्या क्लास म्हणजे जगातल्या सगळ्यात छोट्या ड्रेडनॉट, म्हणजे सगळ्या मुख्य तोफा एकाच मोठ्या मापाच्या असलेल्या बॅटलशिप, ३०५ मिलिमीटरच्या आठ तोफा, दोन-दोनच्या चार टरेटमध्ये. एक पुढे, एक मागे, आणि मधले दोन तिरके, एक या काठावर थोडा पुढे, दुसरा त्या काठावर थोडा मागे, म्हणजे डेकवरून आरपार दुसऱ्या बाजूलाही गोळा टाकता यावा. म्हणून एका बाजूने बघितलं की जवळचा टरेट पूर्ण दिसतो आणि पलीकडचा मधल्या बांधकामाआड अर्धा लपतो, बाजू बदलली की जागा बदलते. संगणकावर एक बाजू काढून ती आरशासारखी उलटी करणारे पुष्कळ आहेत, या नौकेला ते बिलकुल चालत नाही. मधला भाग काढताना आधी वरून दिसणारा नकाशा हलक्या हाताने काढा, त्यावरून उभ्या रेघा खाली आणा. आपण इंटरमिजिएटच्या परीक्षेला भूमितीच्या पेपरात करायचो तसंच. दोन तिपाई डोलकाठ्या आहेत, त्यांचे तिरके पाय पण याच पद्धतीने नीट येतात, नुसत्या अंदाजाने नेहमी जास्त पसरतात.

झेंड्याचं सोपं आहे. रिपब्लिकन झेंडा तांबडा, पिवळा, जांभळा, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. दुसऱ्या पक्षाचा तांबडा, पिवळा, तांबडा, आणि मधला पिवळा दुप्पट रुंद. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जांभळा आणि तांबडा दोन्ही गडदच येणार, तेव्हा रंग शोधत बसू नका, मधल्या पट्ट्याची रुंदी मोजा. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, तो जवळजवळ काळा उमटायचा, म्हणून पाण्याखालचा तांबडा भागही फोटोत काळा दिसला तर फसू नका.

फुटाळा_डेस्ट्रॉयर
धुराड्यांवरून आठवलं, वेलास्को ही विनाशिका चार धुराड्यांची, युद्धाच्या सुरुवातीला फ्रँकोच्या पक्षाकडे तेवढी एकच विनाशिका होती. १९३७ मध्ये इटलीने गुपचूप जुन्या नौका दिल्या, सेउता आणि मेलिया, त्यांना तीनच धुराडी, मग वेलास्कोच आहे असं वाटावं म्हणून चौथं खोटं धुराडं चढवलं. चित्रात त्या चौथ्याला धूर दाखवू नका, खाली बॉयलरच नाही.

उलट बाजूला होसे लुइस दिएस. १९३८ च्या ऑगस्टमध्ये ही रिपब्लिकन विनाशिका जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून निसटायला ग्रेनव्हिल या ब्रिटिश विनाशिकेचं रूप घेऊन निघाली, पण कॅनारियासने ओळखलं, २०३ मिलिमीटरचा गोळा बसला आणि भगदाड घेऊन ती जिब्राल्टरला शिरली. दोन चित्रं काढा तिची, एक स्वतःच्या रूपात, एक सोंगात. चुरुका क्लास आहे, ब्रिटिश स्कॉट क्लासवरून घेतलेला, १२० मिलिमीटरच्या पाच तोफा आणि टॉर्पेडोच्या तीन-तीन नळ्यांचे दोन संच.

कूलरसमोर_बसलेला
भाऊ, मालिकेत उत्तर स्पेनमधल्या, रिपब्लिकनांच्या बाजूने लढलेल्या बास्क लोकांच्या मासेमारी बोटी घ्याच, त्याशिवाय ती अपुरी राहील असं मला फार वाटतं. ५ मार्च १९३७, केप माचिचाको. नाबारा ही कॉड पकडायला बांधलेली बोट, तिच्यावर १०१.६ मिलिमीटरच्या दोन तोफा बसवलेल्या, आणि समोर कॅनारियास. एन्रिके मोरेनो प्लासा कॅप्टन होता, बोट बुडेपर्यंत लढला आणि बोटीबरोबरच गेला. अशा बोटीवर जाळी ओढायचं सामान, मासे ठेवायची कोठारं आणि मध्येच एक तोफ असं सगळं एकत्र दिसतं, ती गर्दी काढायला क्रूझरपेक्षा अवघड आहे. ०.१ चा पेन इथेच वापरा, क्रूझरच्या बाहेरच्या रेघेला ०.३ चालतो.

झिरोमाइलची_शाई
नाबारा नक्की घेणार, कॅनारियासच्या शेजारीच लावतो, स्केल एकच असल्यामुळे बघणाऱ्याला वेगळं काही सांगावंच लागणार नाही. फिल्म बर्डीत मिळाली नाही तर ऑनलाइन मागवतो, तोवर एस्पान्याचा वरचा नकाशा साध्या कागदावर काढून घेतो. पहिली पेन्सिल झाली की इथे टाकतो, ड्रॉइंगशीट ताई, तिपाई डोलकाठीचे पाय तेवढे तुम्ही तपासून द्या.

पेठेतली_ड्रॉइंगशीट
टाका. सोबत ज्या फोटोवरून काढलं तोही टाका, तारखेसकट.